क्लासिक ३५० मध्ये ५०० चं ईएफआय इंजिन: वायरिंग आणि ईसीयूचं काय करायचं?

तर्री_पोहा
नमस्कार मंडळी. २०१४ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, कार्बोरेटरवाली यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं इंजिन). नागपुरातच अपघातात गेलेल्या क्लासिक ५०० चं ईएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल टाकणारं) इंजिन मिळून राहिलं. विकणारा इंजिन आणि थ्रॉटल बॉडी एका भावात देतो. वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि टाकीचे पैसे वेगळे सांगतो. गाडी रस्त्यासाठी नाही, बंद आवारातल्या पट्टीवर चालवायला बनवून राहिलो. प्रश्न तीन. इंजिन फ्रेममध्ये काही न कापता बसतं का? ३५० चं जुनं वायरिंग वाढवून काम भागेल का? आणि ईसीयू घेतलाच नाही, ३५० चा कार्बोरेटर लावला तर?

बर्डी_बुलेट
बंद आवारासाठी आहे हे आधीच लिहिलं, चांगलं केलं. तरी हा धागा उद्या रस्त्यावरच्या गाडीवालाही वाचेल, म्हणून कायद्याचं आधी.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं, त्याच्या पोटकलम ४ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरसीवर ३४६ सीसी आणि खाली ४९९ चं इंजिन, हे सरळ त्यात बसतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो, आणि समोरच्या माणसाची भरपाई आपल्या अंगावर येऊ शकते.

खराब इंजिनाच्या जागी त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, त्याच क्षमतेचं इंजिन टाकणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी गाडी जिथे नोंदलेली आहे त्या आरटीओ कार्यालयाची मंजुरी आधी घ्यायची आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. नागपुरात एमएच ३१ वाला शहर कार्यालयात, ४० वाला ग्रामीणला, ४९ वाला पूर्वला.

आणि तर्री भाऊ, आवारातच चालवायची असली तरी इंजिनाचे कागद घ्या. मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रीची पावती, दोन्हीवर इंजिन नंबर. क्रॅंककेसवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर फुकटातही घेऊ नका.

हिंगणा_लेथ
पहिल्या प्रश्नाचं उत्तर. यूसीई ३५० आणि यूसीई ५०० ही एकाच घराण्यातली इंजिनं. स्ट्रोक दोघांचाही ९० मिमी. ३५० चा बोअर ७०, ५०० चा ८४. मुख्य फरक वरच्या अंगाला आहे: सिलिंडर, पिस्टन, हेड. क्लासिकच्या फ्रेममध्ये माउंटिंग जुळतं, वेल्डिंगची गरज नाही. हे फक्त यूसीईपुरतं. जुनं कास्ट आयर्न इंजिन यात धरू नका, आणि २०२१ पासूनची ३४९ सीसीवाली नवी क्लासिक तर नाहीच, तिची फ्रेमच वेगळी.

बसवताना एक कसोटी लावा. माउंटिंगचे बोल्ट हाताने सरकत आत गेले पाहिजेत. हातोडी मारावी लागली तर फ्रेम किंवा प्लेट वाकलेली आहे. अपघाताच्या गाडीच्या इंजिन प्लेटा हमखास वाकलेल्या असतात, म्हणून ५०० च्या प्लेटा घेतल्या तर काचेवर ठेवून पाहा, नाही तर तुमच्या ३५० च्याच लावा. भोक वाढवून बोल्ट घुसवू नका. इंजिन फ्रेममध्ये ताणात बसलं की थरथर वाढते आणि काही महिन्यांत प्लेटेला तडा जातो. सगळे बोल्ट आधी सैल लावा, इंजिन बसू द्या, मग थोडं थोडं आळीपाळीने आवळा. वरचा हेड स्टे (हेड फ्रेमला धरणारी पट्टी) मात्र ५०० चाच लागेल.

सोबत घ्यायचंच असं: ५०० चा बेंड पाइप (इंजिनातून निघणारा एक्झॉस्टचा वाकडा पाइप), कारण ऑक्सिजन सेन्सरची वेल्ड केलेली चकती त्यावर असते, आणि ५०० चा एअर बॉक्स रबरी नळीसकट. क्लच केबल चालून जाते. पुढच्या स्प्रॉकेटचे दात मोजून पाहा. ३५० चं गिअरिंग ठेवलं तर टॉर्क २८ वरून ४१ न्यूटन-मीटरवर गेल्यामुळे गाडी ओढते जोरात, पण विनाकारण वरच्या आरपीएमवर फिरत राहते.

ऑइल १५डब्ल्यू५०, जेएएसओ एमए मार्किंगचं. टॅपेट हायड्रॉलिक आहेत, सेट करायचे नसतात. इंजिन महिनोन् महिने पडून असेल तर सुरू केल्यावर टकटक येते, लिफ्टरमध्ये, म्हणजे या टॅपेटमध्येच, ऑइल भरेपर्यंत. मिनिट-दोन मिनिटांत थांबायला हवी. नाही थांबली तर रेस न करता बंद करा आणि ऑइलचा दाब पाहा.

वायरिंगवाला_४०
आता दुसरा प्रश्न. काम इथेच फसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

३५० चं वायरिंग वाढवायचा विचार सोडा. त्या वायरिंगला टीसीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा), दोन कॉइल, पिकअप (क्रॅंकची जागा टिपणारा सेन्सर) आणि लायटी एवढंच ठाऊक आहे. हो, दोन कॉइल, कारण ३५० ट्विनस्पार्क आहे, हेडमध्ये दोन प्लग. ५०० ला प्लग एकच. ईएफआयला लागणारं सांगतो: ईसीयू, थ्रॉटल पोझिशन सेन्सर, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर, ऑइल टेम्परेचर सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, क्रॅंक पोझिशन सेन्सर, रोल-ओव्हर सेन्सर (गाडी पडली की इंजिन बंद करणारा), इंजेक्टर, पंप, रिले आणि मीटरमधला इंजिनचा दिवा. एवढं सगळं जुन्या वायरिंगवर जोड मारून आणलं तर तीस-चाळीस सांधे होतात, आणि त्यातला प्रत्येक सांधा हे उद्याचं ब्रेकडाऊन.

म्हणून ५०० चं मेन वायरिंग पूर्ण घ्या. ईसीयू, दोन्ही रिले, फ्यूज बॉक्स, आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज सांभाळणारं), रोल-ओव्हर सेन्सर, सगळे कपलर शाबूत. ईसीयूच्या बाजूला कापून पुन्हा जोडलेलं वायरिंग घेऊ नका. अपघाताची गाडी आहे, तेव्हा स्टिअरिंग हेडपाशी टेप सोडून आतल्या तारा पाहाच. हॅंडल आपटलं की तारा तिथे चेपतात. वरून प्लास्टिक चांगलं दिसतं आणि आतलं तांबं तुटलेलं असतं.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मॅग्नेट (क्रॅंकसोबत फिरून वीज बनवणारा), पिकअप आणि ईसीयू हा एक संच आहे. क्रॅंकची जागा ईसीयूला मॅग्नेटच्या रोटरवरच्या उंचवट्यांवरून कळते. ५०० च्या इंजिनावर ३५० चा मॅग्नेट चढवला तर ईसीयूला क्रॅंक कुठे आहे तेच कळणार नाही. स्टार्टर फिरत राहील, ठिणगी नाही.

गाडीवर चढवण्याआधी वायरिंग टेबलावर पसरा. बॅटरीच्या प्लसमध्ये मालिकेत २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब टाका आणि चावी द्या. बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर ठीक. भगभगीत पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तार जळण्याऐवजी बल्ब पेटतो, एवढं साधं. मग एकेक कपलर काढत जा, बल्ब मंदावला की जागा सापडली. पंप मात्र बल्बमधून चालणार नाही. तो तपासताना थेट जोडणी आणि योग्य फ्यूज.

स्विचचे कपलर ३५० आणि ५०० चे एकमेकांत बसले म्हणून आतल्या तारा जुळल्या असं समजू नका. प्रत्येक पिन मल्टिमीटरच्या बीपवर तपासा, वहीत लिहा. किल स्विचच्या तारेवर विशेष लक्ष. ईसीयूचा आणि पंपाचा पुरवठा तिच्यावर अवलंबून असतो.

अर्थिंग. निम्म्या तक्रारी इथूनच येतात. बॅटरी मायनस ते क्रॅंककेस एक जाड पट्टी, क्रॅंककेस ते फ्रेम दुसरी. बोल्टखालचा रंग गोल खरवडून धातू उघडा करा, वर थोडं ग्रीस. तपासणी अशी: मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी काडी बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल काडी क्रॅंककेसच्या उघड्या धातूवर, आणि स्टार्टर मारायचा. ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे. अर्धा व्होल्ट दाखवलं तर पट्टी किंवा तिचा बोल्ट खराब. सेन्सरांची अर्थ तार मात्र ईसीयूकडेच परत जाते. ती सोयीसाठी फ्रेमला जोडू नका. स्टार्टरच्या करंटने फ्रेमचं व्होल्टेज हललं की सेन्सरचं रीडिंगही हलतं.

कुठे जोड द्यावाच लागला तर चांगल्या पंचने क्रिंप करा आणि वर गोंदवाली हीट स्लीव्ह. सिंगल सिलिंडरच्या थरथरीत सोल्डर जिथे संपतं तिथेच तार तुटते. पीळ मारून टेप तर अजिबात नाही.

शेवटचं. फ्रेमवर कुठलंही वेल्डिंग करायचं झालं तर आधी बॅटरी सोडवा आणि ईसीयूचा कपलर काढा.

तर्री_पोहा
जबरदस्त माहिती, भाऊ. म्हणजे विकणाऱ्याकडून सगळंच घ्यावं लागणार. पण तिसरा प्रश्न राहिला. कार्बोरेटर लावला तर ईसीयू, पंप, सेन्सर सगळंच वाचतं ना?

बर्डी_बुलेट
वाचतं, आणि कंपनीने स्वतः हे केलेलं आहे. बुलेट ५०० कार्बोरेटरवर होती, यूकॅल कंपनीचा बीएस३३ (हे कार्बोरेटरचं मॉडेल), ताकद २६.१ बीएचपी. ईएफआय क्लासिक ५०० ची २७.२. म्हणजे तोटा फारच थोडा. ३५० चा कार्बोरेटर बीएस२९, तो ५०० ला अपुरा पडतो. खालून ठीक ओढेल, वर गेलं की गळा आवळल्यासारखं होईल. तेव्हा बीएस३३ त्याच्या मॅनिफोल्डसकट शोधा, आणि बुलेट ५०० चा मॅग्नेट, पिकअप, टीसीआय असा संच.

कामठी_रोड
टीसीआय काहून शोधायचा? ३५० चा टीसीआय आणि मॅग्नेट लावून ५०० चालू होते. एक कॉइल मोकळी सोडायची, झालं.

वायरिंगवाला_४०
चालू होते, बरोबर आहे. पण नीट चालत नाही, आणि कारण समजून घ्या.

३५० ला दोन प्लग आहेत, म्हणजे ज्वाला दोन टोकांनी सुरू होते आणि ७० मिमीच्या छोट्या बोअरमध्ये लवकर भिडते. म्हणून तिच्या टायमिंगला ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी टाकणं) कमी लागतो. ५०० ला एकच प्लग आणि बोअर ८४ मिमी. ज्वालेला लांब जायचं आहे, तेव्हा ठिणगी आधी पडायला हवी. ३५० चा नकाशा (टीसीआयमध्ये भरलेलं ठिणगीच्या वेळेचं कोष्टक) लावला की ठिणगी उशिरा पडते. पिस्टन खाली निघाल्यावरही मिश्रण जळत राहतं, उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून बाहेर जाते. बेंड पाइप निळा-जांभळा होतो, गाडी सुस्त वाटते. मग लोक जेट बदलत बसतात आणि दोष कार्बोरेटरला देतात. दोष टायमिंगचा असतो.

माझा सल्ला विचाराल तर, अख्ख्या ५०० चा संच मिळत असेल तर ईएफआयच ठेवा. तो तुटक मिळत असेल तर बुलेट ५०० चा पूर्ण कार्बोरेटर संच. अर्धं याचं अर्धं त्याचं करू नका.

कामठी_रोड
समजलं. बेंड निळा होतो हे पाहिलेलं आहे, कारण माहीत नव्हतं. मंग अजून एक: २०२० ची बीएस ६ (प्रदूषण नियमांवाली) ३५० यूसीई ईएफआयवर आली होती. तिचं वायरिंग आणि ईसीयू या ५०० ला लावला तर? सगळं नवीन मिळून जाईल.

वायरिंगवाला_४०
नाही. इंजिनाने किती हवा ओढली हे ईसीयू मॅनिफोल्डचा दाब आणि आरपीएम यावरून हिशेब करून काढतो, आणि त्या हिशेबात सिलिंडर ३४६ सीसीचा धरलेला असतो. ४९९ भागिले ३४६ म्हणजे १.४४. त्याच दाबाला इंजिन ४४ टक्के जास्त हवा ओढणार आणि ईसीयू पेट्रोल जुन्या हिशेबाने टाकणार. ऑक्सिजन सेन्सरवरून ईसीयू थोडी भर घालतो, पण एवढी तूट त्याच्या आवाक्यात नाही. शिवाय पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरकडे पाहतच नाही, नकाशावर चालतो. तिथेच मिश्रण सगळ्यात पातळ होणार आणि तिथेच पिस्टन जाणार.

हिंगणा_लेथ
टाकीचा विषय कोणी काढला नाही. ५०० च्या टाकीला खालून पंपाच्या मॉड्यूलचं मोठं भोक आणि स्टड असतात, ३५० च्या टाकीला फक्त कॉकचं भोक. ३५० ची टाकी कापून चकती वेल्ड करता येते, पण वापरलेल्या टाकीवर वेल्डिंग म्हणजे जिवाशी खेळ. पेट्रोल काढून, उन्हात चार दिवस ठेवूनही आत वाफ राहते. ५०० चीच टाकी घ्या. चेपलेली असली तरी चालेल, डेंट निघतो. पंपाच्या तोंडाची सपाटी मात्र शाबूत हवी, नाही तर गॅस्केट कितीही बदला, झिरपतच राहणार.

पाइपही महत्त्वाचा. कार्बोरेटरचा पाइप वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलसाठी असतो. इथे पंपाचा दाब साधारण ३ बार. त्यावर जे३० आर९ छापलेला इंजेक्शनचाच पाइप लावा. क्लॅंपही गोल आवळणारा. पट्ट्यांवर खाचा असलेला साधा क्लॅंप पाइपला कापतो. गरम इंजिनावर ३ बारची पिचकारी म्हणजे आग.

बर्डी_बुलेट
नागपूरच्या उन्हाचंही धरा. मे महिन्यात ४५ च्या वर हवा, इंजिन एअर-कूल्ड, आणि पट्टीवर कमी वेगात वळणं घेत असाल तर वारा लागत नाही. आरआर युनिट इंजिनाच्या मागे गरम हवेत लपवू नका, वारा लागेल असं फ्रेमला धातूशी धातू भिडवून बसवा. ईसीयू सीटखालीच राहू द्या. ऑइल टेम्परेचर सेन्सरची तार मोकळी ठेवून किंवा तिथे रेझिस्टर टाकून ईसीयूला फसवायचा प्रकार बरेच जण करतात. त्याने ईसीयूला इंजिन थंड वाटतं, तो पेट्रोल वाढवतो, प्लग काळा होतो आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरतं.

तर्री_पोहा
सगळा संच घेतला: इंजिन, वायरिंग, ईसीयू, टाकी, बेंड, एअर बॉक्स. कागदही मिळाले. इंजिन हाताने बोल्ट सरकवून बसलं, ताण नाही. टेबलावर बल्ब लावून वायरिंग तपासलं, शॉर्ट नाही. स्टार्टर मारताना अर्थिंगचा ड्रॉप ०.१२ व्होल्ट. पण सुरू होत नाही. चावी दिल्यावर इंजिनचा दिवा लागतो आणि विझतच नाही, पंपाचा आवाज नाही. स्टार्टर फिरतो. पंपाचा फ्यूज चांगला. पंपाला बाहेरून १२ व्होल्ट दिले तर तो चालतो.

वायरिंगवाला_४०
म्हणजे पंप चांगला, रिलेला ईसीयू हुकूम देत नाही. स्टार्टर मारणं आधी थांबवा. बॅटरी उतरली आणि इंजिन हळू फिरलं की यूसीई उलटा झटका मारते आणि स्प्रॅग क्लच (स्टार्टरला इंजिनाशी जोडणारा एकतर्फी क्लच) जातो. ५०० चा झटका मोठा. बॅटरी १४ एएच पूर्ण चार्ज ठेवा, स्टार्टर मारताना दहा व्होल्टच्या खाली गेली तर आधी चार्जिंग.

आता सांगा, रोल-ओव्हर सेन्सर कुठे आणि कसा बसवला? चावी देताना किल स्विच चालूकडे होता का?

तर्री_पोहा
किल स्विच चालू होता. सेन्सरची मूळ पट्टी अपघातात तुटली होती, म्हणून तो सीटखाली प्लास्टिकच्या पट्टीने वायरिंगलाच बांधला आहे. आडवा पडलेला.

वायरिंगवाला_४०
तेच आहे. गाडी आडवी पडली असं ईसीयूला वाटून राहिलं. म्हणून पंप, इंजेक्टर, ठिणगी सगळं बंद. खोक्यावर वरची बाजू दाखवणारी खूण आहे. ती आकाशाकडे, खोकं गाडीच्या रुंदीला सरळ, आणि रबरी बुशवर दोन स्क्रूने फ्रेमला घट्ट. वायरिंगला बांधला तर खड्ड्यात हलेल आणि गाडी मध्येच बंद पडेल. बसवल्यावर चावी पूर्ण बंद करून पुन्हा द्या. एकदा अडकला की नुसता सरळ करून सुटत नाही.

तर्री_पोहा
३ मिमीची पत्र्याची पट्टी वाकवून बुशसकट सरळ बसवला. चावी बंद-चालू केली, दिवा विझला, पंप तीन सेकंद गुणगुणला, दुसऱ्या स्टार्टरला इंजिन धरलं. टॅपेटची टकटक दीड मिनिटात थांबली. आता मोजमापं: ३००० आरपीएमला बॅटरीवर १४.१ व्होल्ट. थ्रॉटल बंद असताना टीपीएस (थ्रॉटल पोझिशन सेन्सर) ०.८२ व्होल्ट. आयडल जरा वर राहतं आणि रेस सोडली की हळू उतरतं.

वायरिंगवाला_४०
चार्जिंग उत्तम. टीपीएस वर आहे, बंद थ्रॉटलला साधारण ०.६ च्या आसपास हवा. पण सेन्सर लगेच हलवू नका. आधी थ्रॉटल केबल पाहा. ३५० ची केबल लावली असेल तर ती ओढलेली असण्याची शक्यता जास्त. हॅंडल दोन्हीकडे पूर्ण वळवून मीटर पाहा. वळवताना आकडा बदलला तर दोष केबलचा. ग्रिपवर २ ते ३ मिमी ढील ठेवा आणि पुन्हा मोजा. मग सावकाश पूर्ण थ्रॉटलपर्यंत न्या. आकडा चारच्या वर गेला पाहिजे, आणि मध्ये कुठे उडी मारता कामा नये.

तर्री_पोहा
केबलच होती. डावीकडे वळवलं की ०.९५ दाखवत होतं. ५०० ची केबल टाकली, आता दोन्हीकडे ०.६१ स्थिर, वर ४.२ पर्यंत सलग. आयडल खाली बसलं.

हिंगणा_लेथ
छान. आता अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि माउंटिंगचे बोल्ट व बेंड पाइपचे नट पुन्हा आवळा. बेंडच्या सांध्यातून हवा आत ओढली गेली तर ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. सांध्याभोवती काळी रेघ दिसली तर गॅस्केट बदला, नुसतं आवळून भागणार नाही.